तिसरा खडक

पहाटे साडेचारला गेटावर
रखवालदार प्रत्येकाच्या मोबाइलच्या डोळ्यावर
लाल टिकली चिकटवतो.
आतलं बघा, बाहेर दाखवू नका.
संध्याकाळी टिकली निघते, डिंक राहतो.
म्हणून दुक्महून घरी गेलेल्या आमच्या सगळ्या फोटोंत
थोडं धुकं असतं.
बायको विचारते, तिकडं एवढी थंडी पडते होय?

माझं काम सात नंबरच्या कंटेनरमध्ये.
एकशे चाळीस टॅब्लेट, रबरी जाकिटातले,
अंधार पडला की खुराड्यात कोंबड्या बसाव्यात
तसे चार्जिंगला बसतात.
मी मोजतो. जाळीला कुलूप लावतो.
वाळू भोकात शिरली तर दात घासायच्या ब्रशनं काढतो.
दुपारी पडदे काळे पडतात
आणि वर अक्षरं येतात : थंड होऊ द्या.
माणसांच्या कपाळावर तसलं काही येत नाही.
एकाच्या मात्र आलं होतं.
हेल्मेटच्या आत मार्करनं लिहिलेला पासवर्ड
घामानं उतरून कपाळावर उलटा उमटलेला.
मी त्याला मेमो दिला, तो हसत होता, मीही.

नझीर बुरोंडकर, रिगर.
फोन त्याचा स्वतःचा, नकाशे कंपनीचे.
सही त्याची, नियम आमचा :
हरवला, तर लांबून पुसणार.

मंगळवारी हरवला.
अकरा नंबरच्या टाकीच्या पायात काँक्रीट चाललेलं.
मॅनेजरनं विचारलं, किती वेळ झाला?
चाळीस मिनिटं.
मग कसली वाट बघतोस?
पडद्यानंही विचारलं, नक्की?
इतक्या हलक्या बोटानं
मी कधी डाससुद्धा मारला नसेल.

बुधवारी सापडला.
क्रेनच्या केबिनमध्ये, सीटखाली, पाण्याच्या बाटलीला टेकून.
एक ओरखडा नाही.
स्वागत आहे, भाषा निवडा.

नझीर भांडला नाही.
पायरीवर बसून आधी एक बूट झाडला, मग दुसरा.
म्हणाला, त्याच्यात बाबाचा आवाज होता.

बाबा तांडेल. नजर गेल्यावर, शेवटच्या उन्हाळ्यात
खाडीत शिरायची वाट त्यानं बोलून ठेवलेली,
अकरा मिनिटं :
पिराचा झेंडा आणि जुन्या कस्टमाचं छप्पर
एका ओळीत आलं की सुकाणू डावं.
पहिला खडक म्हशीसारखा, दिसतो, त्याचं भय नाही.
दुसरा फक्त ओहोटीला शिंकतो.
तिसरा

बॅकअप होता का, मी विचारलं.
सवयीनं, निघून गेलं तोंडातून.
लटकत्या लोडखाली उभ्या माणसाकडं बघावं
तसा तो माझ्याकडं बघत राहिला.

अकरा नंबरच्या टाकीचे नकाशे सुखरूप आहेत.
सात आवृत्त्या, तीन जागी, एक थेट मस्कतला.
त्यातल्या सहा रद्द.

रद्दचा शिक्का मारलेला एक मोठा कागद
मी टेबलावर उलटा पसरला. पेन्सिल घेतली.
तो बोलत गेला.
झेंडा. छप्पर. म्हैस.
बाहेर वारं पत्र्यावर वाळू मारत होतं.
शिंकणाऱ्या खडकानंतर तो थांबला,
डोळे मिटून, मूठ सुकाणूवर असल्यासारखी धरून.
मूठ डावीकडं गेली, अडखळली,
परत उजवीकडं आली.
नाव होतं रे त्याला, म्हणाला,
नाव घेताना बाबा हसला होता.

मी तिथं एक गोल काढला.
आत काही लिहिलं नाही.

कागद गुंडाळून त्याला द्यायला गेलो
तर त्यानं हात पुढं केला नाही.
तुझ्याकडंच ठेव,
कुलूप तुझ्याकडं आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
एकशे चाळीस मोजून झाले
की मी जाळीत हात घालून
एकशे एक्केचाळीस म्हणतो.